पिवळी काठी, हिरवी रेघ

माळ्याला संध्याकाळपर्यंत खोली रिकामी करायची होती, आणि वहिनींना बोलावणं आलं ते दुपारी दोनला.

वहिनी विमा कंपनीत खोटे दावे हुडकून निवृत्त झालेल्या. आता खाजगी तपास करत. भाऊजी त्यांचे धाकटे दीर. घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद केल्यापासून ते वहिनींची पिशवी धरत आणि ज्याच्या-त्याच्यावर संशय घेत.

बोलावणाऱ्या बाई निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. त्यांनी वहिनींना खुर्ची दिली, भाऊजींना स्टूल, आणि फळ्यावर लिहावं तशी हकिगत सांगितली. त्यांच्या दिवंगत यजमानांनी मोठ्या कुंडीत एक शोभेचा बांबू वाढवला होता. पिवळी काठी, तिच्यावर हिरवी रेघ. वाण दुर्मिळ. तो यजमानांच्या नावाने वनस्पती-उद्यानाला द्यायचा होता. सोमवारी तिथले तज्ज्ञ न्यायला येणार होते. आणि परवा जावयाने दाखवून दिलं, की कुंडीतला बांबू कुणाच्याही कुंपणाला सापडेल असा साधा आहे.

"तीस वर्षं ज्याच्या हाती बाग दिली, त्यानेच केसाने गळा कापला," बाई म्हणाल्या. "पोलिसांत जायचं नाही मला. पण त्याने मूळ झाड कुठे घातलं ते शोधून द्या."

पुरावा त्यांनी टेबलाच्या खणात कुलपात ठेवला होता. हातभर कापलेली काठी, तिला तांब्याची तार, तारेत पत्र्याचं लेबल. त्यावर साध्या वाणाचं नाव, कोपऱ्यावरच्या नर्सरीची खूण आणि चार वर्षांपूर्वीची तारीख. तार काठीत चांगली रुतली होती. कुंडीत खाली, पानांच्या दाटीत हे जावयालाच सापडलं. चार वर्षांपूर्वी बाई ऑपरेशनसाठी तीन महिने बाहेर होत्या आणि घरी एकटा माळी होता. लेकीचं लग्न तर दोनच वर्षांपूर्वीचं.

भाऊजींच्या मते निकाल लागला होता. वहिनी मात्र काठी पिशवीत घालून बागेत गेल्या.

माळी मान वर न करता आळं साफ करत होता. वहिनींनी चोरीचं नावच काढलं नाही; दोन वाण ओळखायचे कसे, एवढंच विचारलं. तेव्हा कुठे तो उठला. डोळ्यांवर जाल तर फसाल, म्हणाला. रंग तोच, रेघ तीच. कोवळ्या काठीवर बोट फिरवायचं. साधा वाण बारीक पॉलिश पेपरसारखा लागतो, दुर्मिळ असतो तो गुळगुळीत. त्याने कुंडीतला नवा कोंब दाखवला. बांबूचा कोंब येतानाच अंगापिंडाने पुरा येतो, मग नुसता उंच होतो. भाऊजी स्वतःच्या पोटाकडे बघून म्हणाले, आमचं नेमकं उलटं झालं. माळी पहिल्यांदा हसला.

मग त्याने हळूच सांगितलं, की मागच्या महिन्यात तो दहा दिवस गावी आपल्या लेकीकडे गेला होता. परत आला तेव्हा कुंडीतली माती नवी होती. जावईबापू म्हणाले, मीच घातली.

"चोराच्या उलट्या बोंबा," भाऊजी फाटकाबाहेर पुटपुटले. वहिनींनी ऐकलं न ऐकलंसं केलं.

नर्सरीवाल्या बाईंनी लेबलाची खूण आपलीच म्हणून कबूल केली. पण कोऱ्या लेबलांचा जुडगा दुकानाच्या दाराला टांगलेला होता आणि तारखेचा शिक्का शेजारीच दोरीला. माळी नेहमीचं गिऱ्हाईक, जावईही येणारा. भाऊजींना आता नर्सरीवाल्या बाईंचाही संशय येऊ लागला.

जावई बाईंच्याच घराच्या गच्चीत होता. त्याने भाऊजींना खुर्ची दिली, त्यामुळे तो त्यांना फार सज्जन वाटला. उथळ ताटल्यांत त्याने वीतभर उंचीची झाडं वाढवली होती. फांद्यांना वळण यावं म्हणून त्यांवर तारा गुंडाळलेल्या. बोलता बोलता तो एक तार कापून काढत होता. वेळेवर काढली नाही तर रुतते, म्हणाला, झाड जाड होत जातं ना. मधोमध एक पीळदार, म्हातारं झाड होतं. ऐंशी वर्षांचं. मागच्याच महिन्यात एका मित्राने दिलं.

"आणि ते लेबल चार वर्षांचंच, नाही?" वहिनींनी विचारलं.

"तार किती रुतलीय बघा ना. तेवढी वर्षं लागणारच."

पाच वाजता वहिनींनी सगळ्यांना दिवाणखान्यात बसवलं. लेक आणि जावई सोफ्यावर बसले; माळी दारातच उभा राहिला. वहिनींनी काठी त्याच्या हातात दिली.

"ही आधी पाहिली होतीत?"

"नाही. मला कुणी दाखवलीच नाही." त्याने तारेखाली अंगठा फिरवला आणि कपाळाला आठी घातली. "ही रुतलेली नाही. कानशीने खाच पाडून बसवलीय. बांबूत तार रुतेल कशी?"

"का नाही रुतणार?" बाईंनी विचारलं.

"कारण तो जाड होतच नाही," वहिनी म्हणाल्या. "कोंब निघतो तेवढीच त्याची जाडी, जन्मभर. चार वर्षं बांधा नाहीतर दहा, तार वरच राहणार. म्हणजे लेबल मुद्दाम जुनं केलंय. माळीबुवा स्वतःविरुद्ध पुरावा कशाला तयार करतील? आणि केलाच असता, तर ही चूक त्यांच्या हातून झाली नसती. नर्सरीवाल्या बाईंच्या हातूनही नाही. त्या दोघांचं आयुष्य बांबूत गेलं. ही चूक करेल तो, ज्याच्या झाडांत रोज तारा रुततात."

भाऊजी खुर्ची देणाऱ्या सज्जन माणसाकडे बघत राहिले.

"अदलाबदल झाली ती मागच्या महिन्यात, माळीबुवा गावाला असताना," वहिनी पुढे म्हणाल्या. "सोमवारी तज्ज्ञांनी काठीवर बोट फिरवलं असतं की बिंग फुटलं असतं. म्हणून यांनी आधीच ओरड केली, आणि तारीख टाकली ती स्वतः या घरात येण्यापूर्वीची."

लेकीनेच नवऱ्याला विचारलं, अगदी शांतपणे, "ते ऐंशी वर्षांचं झाड. त्याच्या बदल्यात काय दिलंस?"

त्याने मान खाली घातली. मित्राकडून बांबू परत आणतो, एवढंच म्हणाला.

बाई उठल्या. त्या माळ्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, चुकलं माझं, खोली सोडू नका.

माळ्याने काठी त्यांच्या हातात ठेवली.

"झाड परत आलं की कुंडीत मीच लावीन, बाई. साहेबांचं आहे ते. पण त्यानंतर मी लेकीकडे जाईन." तो जरा थांबला. "तुम्ही जावयाला विचारलंत, यांना पैसे देऊन बोलावून विचारलंत. मी वीस पावलांवर राहतो. मला एकदाही विचारलं नाहीत."

तो बागेत गेला आणि रोजच्यासारखं पाणी घालू लागला. बाई खिडकीशी उभ्या राहून बघत होत्या, पण त्याला हाक मारायचं धाडस त्यांना झालं नाही.