बरणीतला थोरला

काम तसं किरकोळ होतं. आईला रिक्षानं मेडिकल कॉलेजात न्यायचं, तिच्या गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून घ्यायची आणि परत यायचं. शिवराजनं तेवढ्यासाठी कडक भाकरीचं दुकान दुपारपर्यंत बंद ठेवलं होतं.

आईचं, म्हणजे मल्लव्वाचं, पहिलं बाळंतपण तिथल्याच दवाखान्यात झालं होतं. मूल मेलेलंच जन्मलं. काळजाची ठेवण काही निराळी होती, म्हणून डॉक्टरांनी ते शिकवायला मागून घेतलं आणि नवऱ्यानं तिला न विचारता अंगठा दिला. म्हातारपणी तिनं जेवण टाकलं. थोरल्याला माती मिळाल्याशिवाय घास उतरत नाही, एवढंच म्हणायची. अंगात नुसती हाडं राहिली होती.

कॉलेजनं मूल द्यायचं कबूल केलं. पण त्या काळातल्या बरण्या बऱ्याच होत्या आणि चिठ्ठ्यांवरची शाई उडून गेलेली. तेव्हा प्रत्येक बरणीतल्या बाळाच्या मांडीचा तांदळाएवढा तुकडा काढून कॉलेजातल्या देवयानी मॅडम त्याचा डीएनए आईच्या डीएनएशी ताडून बघणार होत्या. फार आशा धरू नका, असं त्यांनी आधीच बजावलं. फॉर्मॅलिनमध्ये इतकी वर्षं राहिलेल्या मांसात डीएनएचा पार भुगा होतो. जुळवण्यापुरते तुकडे हाती लागले तरी नशीब.

पुढच्या आठवड्यात त्यांनी शिवराजला बोलावलं. एक बरणी जुळली होती. पण मॅडमच्या चेहऱ्यावर आनंद दिसेना. भुगा नव्हताच, म्हणाल्या. सकाळी काढलेल्या रक्तातून यावा तसा सलग डीएनए आला. आपल्याच हातून काही मिसळलं असेल, म्हणून त्या पुन्हा तुकडा काढायला गेल्या.

"मग?"

"पहिली जागा बघितली, दादा..." त्या म्हणाल्या. "तिथं खपली धरलीय."

पंखा फिरत होता. औषधाच्या वासानं डोळे चुरचुरत होते. शिवराजनं खाली बघत विचारलं, मूल मिळेल ना?

"न्या. आईंना सांगणार का हे?"

"न्हाय. कळलं तर ती पुरू द्यायची न्हाय. आन् पुरल्याबिगर जेवायची न्हाय."

कॉलेजात दिवसभर वाहत्या पाण्याखाली ठेवूनही वास गेला नव्हता. दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत लिंगायत स्मशानात खड्डा तयार झाला. स्वामींनी मंत्र म्हटले. पोराचं अंग औषधानं लाकडासारखं ताठलेलं. मल्लव्वानं त्याच्या कपाळाला विभूती लावली, मुठीवरून हात फिरवला, आणि तिथंच बसून राहिली. स्वामींनी बाजूला व्हायला सांगितलं तरी उठेना. शिवराज वाकला.

तिचं बोट मुठीच्या आत होतं.

"बिडु, कंदा..." ती कानडीत पुटपुटली. सोड, बाळा. "धाकटा बघतोय की."

दूध पिता पिता झोपलेल्या लेकराची मूठ सोडवावी तशी तिनं ती चिमुकली बोटं एकेक करून उलगडली. घाई केली नाही.

"अव्वा... तुला ठावं हाय?"

"माती वड."

"अव्वा, पर..."

"वड म्हनलं की."

त्यानं माती ओढली. खड्डा भरेपर्यंत फावड्याच्या आवाजाखेरीज दुसरा आवाज आला नाही, आणि तो त्या दुसऱ्या आवाजासाठीच कान देऊन होता.

घरी आल्यावर तिनं भाकरी मागितली. शेंगाचटणी, दही, सगळं मागून घेतलं. शिवराजच्या बायकोला रडू फुटलं. मल्लव्वा पोटभर जेवली, पण डाव्या हातानं. उभ्या जन्मात तिनं डाव्या हाताचा घास खाल्ला नव्हता.

उजवा हात बाजेवरून खाली सोडलेला होता. पहिलं बोट ताठ. त्याचं टोक आवळून धरल्यासारखं पांढरं पडलं होतं. दुखत असेल म्हणून शिवराज चोळायला पुढे झाला, तशी तिनं मान हलवली.

"हात नको लावू," ती हळूच म्हणाली. "आत्ता कुटं डोळा लागलाय."