फळ्यावरची अक्षरं

दुपार होती, तरी खिडकीबाहेर मिट्ट काळोख. आमच्या उत्तर नॉर्वेत आता सूर्य उगवणार तो थेट जानेवारीत. मुलं जेवायला गेली होती आणि चौथीच्या रिकाम्या वर्गात मी डिजिटल फळ्याशी झटापट करत होते. शिक्षिका व्हायला निघालेली मी, इल्वा... आणि फळा काही केल्या माझं ऐकेना!

तेवढ्यात त्यावर आपोआप अक्षरं उमटली. 'कुणी आहे का?'

मी किंचाळलेच.

शेजारच्या वर्गातून एक उंच मुलगा धावत आला. "घाबरू नको, मीच! माझा फळा चुकून तुझ्या फळ्याला जोडला गेला."

"चुकून?"

"आज तरी चुकूनच," तो हसला. तो टोर्गेर, माझ्यासारखाच शिकाऊ शिक्षक.

मग रोज सुट्टीत तो मला शिकवू लागला — खोटा फोटो कसा ओळखायचा, मुलांची माहिती कशी जपायची. पावावर तपकिरी चीज, दोघांत एक थर्मास. माऊसवर त्याचा हात माझ्या हाताला लागायचा... आणि मी मुद्दाम चुकायचे.

"अगं, काल जमलं होतं की तुला!"

"काल शिकवणारा बरा होता."

मी एकटी असले, की फळ्यावर ओळी यायच्या. 'मोकळे केस छान दिसतात.' 'आज उदास का?' मी त्याला कधीच विचारलं नाही. विचारलं आणि तो थांबला तर?

एका दुपारी वारा भिंतींना धडका देत होता. टोर्गेर माझ्या शेजारी बसला होता, कॉफीचा कप दोन्ही हातांत धरून. फळा उजळला.

'आज एकटी नाहीस.'

मी हसून त्याच्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"इल्वा... हे मी नाही लिहिलं."

"आणि आधीचं?"

"आधीचं कुठलं?"

सर्रकन काटा आला अंगावर. फळ्याच्या वरच्या कडेला इवलासा कॅमेरा होता. याच्यासमोर रोज सगळी मुलं बसायची!

'घाबरलीस?'

मी झेप घेऊन वायर उपटली. फळा विझला. उरला फक्त वारा.

"मुख्याध्यापिका बोर्गहिल्डबाईंना सांगायला हवं," मी म्हणाले.

"इतके दिवस गप्प का होतीस, विचारतील. नापाससुद्धा करतील."

"करू देत."

बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि शाळेतले सारे फळे बंद करवले. फळ्यांसोबत कारखान्यातून आलेला पासवर्ड कुणी बदललाच नव्हता. बाहेरचं कुणीतरी आत शिरत होतं. कोण, ते पुढे पोलिसांनाही कळलं नाही. त्या दुपारी बाई मला एवढंच म्हणाल्या, "उद्या मुलांना हे तूच समजावून सांग."

आम्ही बाहेर पडलो. बर्फ भुरभुरत होतं.

"मला वाटायचं, तूच लिहितोस ते," मी पुटपुटले.

"आवडायचं तुला?"

"तुझं म्हणून आवडायचं."

तो थबकला. मग खाली वाकून, अगदी माझ्या कानाशी म्हणाला, "तू मला फार आवडतेस, इल्वा. हे दुसऱ्या कुणाला ऐकू जायला नको."

पाठीमागे शाळेच्या काळ्या खिडक्या होत्या. कुणीतरी पाहतंय, असं अजूनही वाटत होतं... मी वळून पाहिलं नाही. त्याचा हात घट्ट धरला आणि चालू लागले.