भिंतीची तहान

काम तसं फार तर अर्ध्या दिवसाचं. वीटभट्टीच्या मालकाने नवं घर बांधलं होतं आणि आतल्या खोलीच्या एका भिंतीवर गिलावा काही केल्या टिकत नव्हता. लावला की आठवडाभरात पापुद्रे सुटून खाली. म्हणून मिस्त्री सकाळीच थापी घेऊन आला. माल कालवायला बरोबर मावशी होती. नात्याची नव्हे, त्या बिगारी बाईला सगळेच मावशी म्हणत.

"ती बाहेर थांबेल," मालक दारातूनच म्हणाला. "घमेलं उंबऱ्यापर्यंत आणू दे. पुढचं तुझं तू बघ."

"माझ्या हातचा माल भिंतीला चालतो," मावशी पुटपुटली, "मी तेवढी चालत नाही."

मिस्त्रीने तिला डोळ्यांनीच गप्प केलं.

गिलाव्याआधी वीट भिजवावी लागते, नाहीतर ती मालातलंच पाणी ओढून घेते. मिस्त्रीने जुना गिलावा खरवडून बादलीभर पाणी मारलं. भिंतीने ते गट्ट केलं. दुसरी बादली मारली, तिसरी मारली. फरशीवर एक थेंब ओघळला नाही. खोलीला खिडकी नव्हती. ओल्या मातीचा आणि त्याखाली धुराचा वास साचला होता. त्याने तळहात टेकवला. भिंत गरम होती. तापाने फणफणलेल्या पोराच्या कपाळासारखी.

"मालक, या विटा...?"

"गेल्या उन्हाळ्यातल्या. हात चालव."

गेल्या उन्हाळ्यात मावशीची पोर भट्टीवर होती. कच्च्या विटा उलटायला लहान पोरीच लागत. अंगात वजन नसतं, पायाखाली वीट मोडत नाही. मावशीच्या जातीच्या लोकांनी माठाला शिवायचं नाही, वरून कुणी ओतेल तेव्हा ओंजळीने प्यायचं, असा मालकाचा दंडक. त्या दुपारी ओतायला कुणी नव्हतं आणि पोरीने माठात पेला बुडवला. शिक्षा म्हणून तिला पेटत्या भट्टीच्या माथ्यावर राख पसरायला चढवलं. पाणी बंद. संध्याकाळी मालक म्हणाला, पोर पळून गेली. माथ्याला पडलेलं भगदाड मिस्त्रीने पाहिलं होतं. त्याच संध्याकाळी तो आधीच्या भट्टीच्या विटा न्यायला आला होता. मालकाने त्यावर घाईघाईने राख लोटली. भट्टी विझवली नाही. विझवली असती तर सगळी वीट वाया गेली असती.

पोर शहरात कुठेतरी धुणीभांडी करत असेल, एवढ्यावर मावशी दिवस काढत होती.

"पाणी पुरत नाही का, मिस्त्री?" ती बादली घेऊन उंबऱ्याशी उभी होती.

"भिंत... पितेय."

मावशीने भिंतीकडे पाहिलं. मग उंबरा ओलांडून आत आली.

"ए, मागे हो," मालक म्हणाला. पण स्वतः पुढे आला नाही.

तिने बादलीतून ओंजळ भरली आणि विटांना लावली. खोलीत आवाज आला. घटघट... मग जरा थांबून, पुन्हा घटघट.

"सावकाश पी," मावशी म्हणाली. "ठसका लागेल."

ओंजळीमागून ओंजळ. बऱ्याच वेळाने पाणी विटांवरून ओघळलं आणि फरशीवर पसरलं. भिंत गार पडली. मिस्त्रीने गिलावा केला. तो नीट बसला.

मावशीने घमेलं तिथेच टाकलं. फाटकाशी पोचल्यावर म्हणाली, "पळाली नव्हती म्हणजे." मिस्त्रीकडे तिने पाहिलंही नाही.

मिस्त्री घरी आला. त्या भट्टीतल्या उरलेल्या विटा गेल्या उन्हाळ्यातच मालकाने त्याला फुकट दिल्या होत्या. कशाबद्दल, ते दोघांपैकी कुणीच बोललं नव्हतं. त्यांचीच त्याने स्वयंपाकघराची भिंत उभी केली होती. त्या भिंतीपाशी त्याची मुलगी पेला घेऊन बसली होती. माठ कोरडा पडला होता.

"एवढं पाणी कुणी संपवलं गं?"

"तिला दिलं, बाबा."

"कुणाला...?"

मुलगी भिंतीकडे बघत होती.

"मी पेला देते, तर ती घाबरते. ओंजळच पुढे करते."