भिंगरीचा दोर

कंदील जरा इकडे सरकवा. माझा चेहरा दिसला म्हणजे तुम्हाला कळेल की मी थापा मारत नाही.

मी डोंगरात घोड्यांच्या मुक्कामावर स्वयंपाक करते. पाहुणे घोड्यांवर बसून जंगलात येतात, तंबूत राहतात, झाडांचे फोटो काढतात आणि माझ्या हातचं चाखण्याआधीच वरून मीठ घालतात. त्या वेळी मात्र पाहुणे नव्हते. हंगाम सुरू व्हायच्या आत वरच्या मोकळ्या जागेत तंबू ठोकून ठेवायचे होते. म्हणून मालक, म्हातारे घोडेवाले मामा आणि मी एवढेच निघालो. नेहमीचंच काम होतं.

आमचे हे त्याच वाटेवर गेले. मागच्या हंगामात, धुक्यात, भिंगरी नावाच्या घोडीचा पाय कड्यावरून घसरला आणि तिच्याबरोबर हेही दरीत गेले. दोराचं टोक ह्यांच्या मनगटाला बांधलेलं सापडलं. आता घोड्यांच्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात ते हेच, की दोर मुठीत धरायचा, हाताला बांधायचा नाही. घोडा पडलाच तर मूठ उघडता आली पाहिजे. ह्यांनी कितीतरी नवख्यांना यावरून शिव्या घातलेल्या मी ऐकल्या आहेत. तरी चौकशीला आलेल्या साहेबांना मालक म्हणाला, "प्यायलेला होता. घेतला असेल स्वतःच बांधून." आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

ज्या माणसानं आयुष्यात थेंबाला शिवलं नाही, त्याची बायको 'दारुड्याची बायको' झाली. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मला मालकाच्या तोंडून खरं ऐकायचं होतं, दुसरं काही नको होतं. त्यासाठीच दात-ओठ खात त्याच्याकडे काम करत राहिले.

तर आम्ही वर पोचलो, तंबू उभे केले. दिवस मावळायला अजून वेळ होता, पण धुकं झाडांतून सरकत आलं. मामांनी घोड्यांच्या तोंडाला चाऱ्याचे तोबरे अडकवले. मी चूल पेटवली. लाकडं ओली, धूर डोळ्यांत जात होता. मालक दगडावर बसून बूट काढत होता. घोड्यांच्या चघळण्याचा आवाज येत होता, तेवढाच काय तो.

एकदम सगळे घोडे थांबले. माना वर, कान दरीकडे. एकही जबडा हलत नव्हता... आणि चघळण्याचा आवाज मात्र चालूच होता. सावकाश, करकर, करकर... धुक्यातून. मग वास आला. भिजलेल्या घोड्याच्या अंगाचा. आमचे घोडे तर कोरडे होते.

"मामा... कोण खातंय?"

"आपल्यातलं कोणी नाही, पोरी," मामा हळूच म्हणाले. त्यांनी हातातला तोबरा खाली ठेवला.

"काय कुजबुज लावलीय?" मालक खेकसला. "सुटला असेल एखादा. जा, आणा धरून."

एवढं बोलला आणि त्याचा उजवा हात वर उचलला गेला. त्यानं उचलला नाही, उचलला गेला. मनगटाला दोर होता. कधी आला, कसा आला, मी पाहिलं नाही. ओला, चिखलानं माखलेला, दुसरं टोक धुक्यात. दोराला पिळात घातलेली लाल चिंधी मी ओळखली. माझ्याच जुन्या साडीची होती. भिंगरीचा दोर लांबून दिसावा म्हणून ह्यांनी घातली होती.

दोर ताणला गेला. मालक दगडावरून खाली पडला आणि टाचा रोवत ओढला जाऊ लागला.

"वहिनी... कापा! कापा ना!"

कांदे चिरायची सुरी माझ्या हातातच होती. मी उठले, त्याच्याजवळ जाऊन उकिडवी बसले.

"कोणी बांधला होता?"

"मला काय माहीत... आत्ता..."

"आत्ताचं नाही विचारत."

तो आणखी हातभर सरकला. पुढे कड्यावरचं गवत दिसत होतं.

"मी!" तो ओरडला. "मी बांधला... आधी एक घोडा सामान घेऊन पळाला होता... म्हटलं, ही तरी सुटायला नको. तो नको नको म्हणत होता..."

"आणि दारू?"

"नव्हता प्यायला... शपथ घेतो..."

"मामा, ऐकलंत?"

"ऐकलं पोरी. काप आता."

मग कापला. लगेच कापला असं नाही म्हणणार. त्याला रडताना जरा बघून घेतलं, मग कापला. दोराचं टोक घाई न करता धुक्यात निघून गेलं. खुरांचा आवाज लांब गेला, आणि शेजारून माणसाची पावलं. डावी टाच जरा घासत, ह्यांच्यासारखीच... मी हाक मारणार होते. तोवर पावलं धुक्यात विरली.

खाली आल्यावर मालक साफ उलटला. म्हणे तापात बरळलो, आणि मामांना तर ऐकूच कमी येतं.

नंतर काही दिवसांनी मालकीणबाई भरदुपारी माझ्या दारात आल्या. डोळे सुजलेले.

"त्यांचा हात खाली येत नाही हो. सारखा पुढे. रोज सकाळी मनगटावर ताजा चिखल असतो. निजलेले असले तरी पलंग दाराकडे सरकतो. चौघांनी धरला तरी सरकतो."

"साहेबांना खरं सांगा म्हणावं."

"सांगितलं! काल घरी बोलावून सगळं सांगितलं. साऱ्या गल्लीनं ऐकलं." त्यांनी माझे हात धरले. "तुम्ही सांगा ना तुमच्या ह्यांना. तुमचं ऐकतील ते."

ऐकतील, हे मलाही ठाऊक आहे. जन्मात कधी माझा शब्द खाली पडू दिला नाही त्यांनी. आणि मला हवं होतं ते मिळालंही होतं. आता गल्लीतल्या बायका माझ्याशी मान खाली घालून बोलतात.

"सांगते," मी म्हटलं. त्यांना पाणी दिलं, दारापर्यंत सोडलं.

अजून सांगितलेलं नाही. मघाशी मामा येऊन गेले. पलंग आता अंगणात आहे म्हणे, डोंगराकडे तोंड करून.