श्वासथर

खारवाडी नगरपरिषद हल्ली बांधकामाचं वय थेट भिंतीलाच विचारते. दोन हजार चाळीसच्या आधीचं बांधकाम कायम, नंतरचं जमीनदोस्त, असा नियम निघाला आणि गावातली प्रत्येक चोरटी खोली बघता बघता म्हातारी झाली. शेवटी परिषदेनं थरवाचक यंत्र आणलं आणि ते चालवायला डॉ. वसुधा केळुसकरला नेमलं.

यंत्रामागचं तत्त्व साधं होतं. आपण बोलतो, खोकतो, शिंकतो, तेव्हा अंगातल्या पेशी उडून भिंतीला चिकटतात. दिवाळीआधी आपण त्यांच्यावर नवा रंग चढवतो आणि त्या आत बंद होतात. दोन रंगांमधल्या या पापुद्र्याला वसुधा श्वासथर म्हणे. पेशीवरून माणसाचं तेव्हाचं वय कळतं. जन्मनोंदणीत आता प्रत्येकाचा जनुकठसा असतो, त्यावरून माणूस सापडला की थराचं साल निघतं. थोडक्यात, भिंतीचं वय काढायला माणसं ओळखावीच लागतात. ही गोम नियम करणाऱ्या शहाण्यांच्या ध्यानात आली नव्हती.

इंदुमती गावडे, म्हणजे गावडेकाकू, त्या दुपारी कार्यालयात आल्या. त्यांच्या परसातल्या खोलीविरुद्ध तक्रार होती आणि दुसऱ्या दिवशी पंचनामा होता.

"काय निघाला गो? खोली माझ्या घोवान स्वतः बांधलेली हा."

"खोली जुनीच आहे, काकू. वाचली."

काकू हसल्या. वसुधा मात्र हसली नाही. तिनं अहवाल त्यांच्यापुढे सरकवला. नावं काळी केलेली होती, पण खाली लिहिलं होतं: व्यक्ती तीन, स्त्री, मालकिणीची भाची, चार वर्षांपूर्वी अकरा महिने वास्तव्य, सातव्या महिन्यापासून तिचं तान्हं मूल, जन्मनोंद नाही.

काकूंचा चेहरा उतरला. "ह्या कोण वाचतला?"

"उद्या पंचांसमोर मोठ्यानं वाचायचं. आणि एक प्रत तक्रारदाराला."

"चारू माझ्याकडे लपान होती. नवऱ्यान तिचो हात मोडलो होतो. मूल झाला, ह्या त्याका ठाऊक नाय. कळला तर तो उचलून नेतलो. तक्रार केली कोणी?"

"तक्रारदाराचं नाव गुप्त असतं, काकू."

ते नाव असलेला अर्ज वसुधाच्या टेबलावरच पालथा पडलेला होता. नोंदणीतलं व्यक्ती तीनचं सासरचं आडनाव आणि तक्रारदाराचं आडनाव एकच होतं. या माणसाला खोलीशी काही देणंघेणं नव्हतं, त्याला फक्त भिंत वाचून हवी होती. नाव सांगितलं तर नोकरी जाणार होती, खटलाही होणार होता.

"काकू," ती हळूच म्हणाली, "मालकानं बांधकाम बेकायदा असल्याचं लिहून दिलं, तर तपासणीची गरज उरत नाही. अहवाल आणि नमुना नष्ट होतो. प्रत कुणालाच जात नाही."

"पण खोली तर जुनी हा. तूच म्हणालंस."

वसुधानं पालथ्या अर्जावर हात ठेवला. काकूंनी त्या हाताकडे पाहिलं. मग त्यांनी पेन मागितलं. खोली बेकायदा असल्याचं त्यांनी लिहून दिलं.

चार दिवसांनी खोली पडली. काकू अंगणात खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्यांनी एका चिऱ्यावरून हात फिरवला आणि तो गाडीत टाकू दिला. वसुधाला रडू आलं, पण आपण एका बाईला वाचवलं असंही वाटलं.

पुढच्या महिन्यात नवी तक्रार आली. बाजारपेठेत एका शिवणकामाच्या दुकानामागची पत्र्याची खोली. आतून गिलावा आणि वर रंगाचा एकच हात, म्हणजे श्वासथरात सध्या राहणारेच सापडणार. तक्रारदार तोच.

वसुधा धावत मुख्याधिकाऱ्यांकडे गेली. "साहेब, हा माणूस बायकोला शोधतोय."

"पुरावा?"

पुरावा एकच होता, गावडेकाकूंचा अहवाल. तो नियमाप्रमाणे जाळला होता, आणि जाळल्याच्या नोंदीखाली वसुधाचीच सही होती.

"मग नमुना घेऊन या," साहेब म्हणाले. "तुम्ही नाही गेलात, तर दुसरं कुणी जाईल."

दार एका बारीक चणीच्या बाईनं उघडलं. तिचा डावा हात कोपरात जरा वाकडा होता. मागे चारेक वर्षांची मुलगी चिंध्यांची बाहुली करत होती. वसुधानं भिंतीला यंत्र लावलं.

"ताई," बाईनं घाबरत विचारलं, "यात आमची नावं कुणाला कळत नाहीत ना?"

"नाव गुप्त असतं," वसुधा म्हणाली.

कुणाचं, ते तिच्या तोंडून निघालं नाही.