समाजाचे सात आरसे

नेरूळच्या अभ्यासिकेत पंख्याखालची एकच खुर्ची धड होती, आणि त्या रविवारी निशांतनं ती दीक्षाच्या आधी पकडली. उलव्याहून आलेली, एम. ए. करणारी दीक्षा भांडायलाच मागे येऊन उभी राहिली. पण समोरची त्याची वही वाचून भांडण विसरली.

“हे तुमी लिहिलंय?”

“हो. का?”

“कादंबरी हा समाजाचा आरसा आहे. प्रवासवर्णन हा समाजाचा आरसा आहे. आत्मचरित्र, तेही आरसा… सात निबंध, सात आरसे. सलून काढताय का?”

निशांत दिघ्याला राहायचा, कारखान्यात स्टोअर सांभाळायचा आणि बाहेरून बी. ए. करत होता. साहित्यप्रकारांवरच्या निबंधांचा हा एकच पेपर दोनदा गेला होता. सुटला तर सुपरवायझर. आई सोसायटीभर सांगूनही बसली होती.

“मी शिकवते,” दीक्षा म्हणाली. “फी एकच — खुर्ची. आणि जे बघितलंय तेच लिहायचं.”

मग दर रविवारी ती खुर्चीत, तो डुगडुगत्या बाकावर. प्रवासवर्णनाच्या निबंधात त्यानं स्टोअर ते कँटीन हा प्रवास चार पानं रंगवला. शोकांतिकेच्या निबंधात उदाहरण म्हणून शेवटचा समोसा आला. दीक्षा हसताना हातानं तोंड झाकायची. हातात लाल पेन… त्यामुळे नाकावर हमखास रेघ. निशांतनं ते कधीच सांगितलं नाही.

निबंध सुधारत गेले तसं त्याचं टेन्शन वाढलं. पेपर सुटला की रविवारही सुटणार होते.

परीक्षेआधीच्या रविवारी ती जुना निबंध तपासत होती तोवर त्यानं तिथंच नवा लिहून पुढे केला — ‘प्रेमपत्र : एक साहित्यप्रकार’.

“हे सिलॅबसमध्ये नाहीये.”

“माझ्या आहे.”

व्याख्या होती, वैशिष्ट्यं होती. उदाहरण मात्र एकच : ‘दीक्षा, तुमच्या नाकावर आत्ताही लाल रेघ आहे. नऊ रविवार सांगितलं नाही, कारण तुम्ही पुसली असती.’

“नऊ रविवार? तरीच रिक्षावाले हसायचे!” तिचा हात नाकाकडे निघाला… आणि वाटेतच थांबला. “ह्यात आरसा कुठाय?”

“नाहीये. तुमच्याकडे बघून लिहिलं.”

तिनं पेनाचं टोपण काढलं. नापास व्हायचा चांगला अनुभव असूनही निशांतनं डुगडुगता बाक घट्ट धरला. शेरा पडला : ‘उदाहरणे अपुरी. पेपर सुटल्यावरही दर रविवारी एक आणणे.’

मग ती खुर्ची सोडून बाकावर, त्याच्या शेजारी येऊन बसली.

“आणि ते ‘तुमच्या’ खोड. ‘तुझ्या’ लिही.”

रेघ तिनं तशीच राहू दिली.