ज्यानं आवळलं, त्यानं लाल लावायचं नाही

मी मनाचं काही जोडून सांगत नाही. ज्याला खोटं वाटेल त्यानं आखाडा बाळापूरला यावं आणि नांदेड रोडवर माझं गॅरेज विचारावं. मागचं पत्र्याचं शेड अजून आहे.

गाडी पण आहे.

आणि आधीच सांगतो, ही रात्रीची गोष्ट नाही. अमावस्या, वडाचं झाड, पांढरी साडी, असलं काही पाहिजे असेल तर दुसरीकडं बघा. हे सगळं भर दुपारी घडलं. २००५ चा मे महिना. आमच्याकडं त्या वेळेला रोडवर चिटपाखरू नसतं. लोडशेडिंगनं पंखे बंद, लोक दारं लोटून आत पडलेले. हाक मारली तरी कोणी ओ देत नाही.

मी रणजीत. राहायला तांड्यावर, गॅरेज गावात. ट्रॅक्टर, जीप, जे येईल ते दुरुस्त करायचं. माझा पार्टनर प्रमोद, बाळापूरचाच. शाळेपासूनचा दोस्त. दर होळीला तो आमच्या तांड्यावर यायचा आणि माझ्या याडीच्या, म्हणजे आईच्या, हातचं पोटभर जेवून मगच घरी जायचा.

त्याला एकच वेड होतं. स्पीड.

पुण्याच्या एका गॅरेजात काही वर्षं काढून तो परत आला, ते ठोकलेली जुनी एस्टीम कार ट्रकमागं ओढतच.

"रणज्या, हिला टर्बो बसवू अन् मद्रासच्या ट्रॅकवर पळवू."

"येड लागलं का तुला? हितं रोडवर बैलगाड्या चालून राहिल्या, अन् तुला रेस सुचून राहिली!"

"रोडवर कोण म्हणतं बे? ट्रॅकवर म्हणतो मी."

टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात जादा हवा कोंबतो आणि गाडीचा दम वाढतो. आम्ही नांदेडच्या भंगारातून एक शोधून आणला. गाडीतली मागची सीट, चटया, पत्रा, जे जे वजन होतं ते काढून फेकलं. आत लोखंडी पाइपचा पिंजरा वेल्ड केला. गाडी उलटली तर माणूस वाचावा म्हणून. गावातले लोक यायचे, बिडी ओढायचे आणि विचारायचे, "काय मिस्त्री, विमान कवा उडणार?" प्रमोद हसायचा. मला मात्र पाना फेकून मारावासा वाटायचा.

आता नीट ऐका, कारण सगळं इथंच अडकलंय.

गाडी जोरात पळाली की नट ढिले होतात. म्हणून आमचा एक नियम होता. एकानं नट आवळायचा आणि दुसऱ्यानं तो हातानं तपासून त्यावर लाल रेघ ओढायची, नटापासून खालच्या पत्र्यापर्यंत. नट जरा जरी फिरला तर रेघ तुटते आणि लगेच दिसतं. ही रेघ आम्ही नेलपॉलिशनं ओढायचो. प्रमोदच्या बायकोची, साक्षीची बाटली होती ती. सारखी त्याच्या शर्टाच्या खिशात. साक्षी वैतागायची, "माझ्या नखाला न्हाई अन् तुमच्या गाडीला नट्टापट्टा!"

ज्यानं आवळलं, त्यानं लाल लावायचं नाही. प्रमोद याबाबतीत फार कडक. स्वतःचं काम स्वतःला बराबरच दिसतं, म्हणायचा.

तो डावखुरा. त्याची रेघ डावीकडं कलायची, माझी उजवीकडं. कोणता नट कोणी तपासला, ते लांबून कळायचं.

गावाबाहेर अर्धवट पडलेल्या बायपासवर आम्ही गाडी पळवून बघायचो. तो उंच, म्हणून त्याची सीट शेवटच्या खाचेपर्यंत मागं. तो चालवायचा आणि मी बाजूला बसून इंजिनाचा आवाज ऐकायचो. जूनमध्ये मद्रासला जायचं ठरलं होतं.

त्या वर्षीच्या होळीनंतर त्याला ताप आला. साधा ताप म्हणून दोन-चार गोळ्या खाल्ल्या. ताप मेंदूत गेला. नांदेडला नेईपर्यंत त्यानं कोणाला ओळखलं नाही. मलाही नाही.

प्रमोद गेला.

मी शेडला कुलूप लावलं. चावी माझ्या करदोड्याला. गॅरेज चालू होतं, गिऱ्हाइकं येत होती, पण दिवसभर कोणाशी बोलावंसं वाटत नव्हतं. डबा उघडला की हात आपोआप अर्धी भाकरी बाजूला काढायचा. मग ती मीच खायचो. फार एकटं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

मे लागला तेव्हा मी ठरवलं. गाडी पुरी करायची. मद्रासला न्यायची आणि मीच चालवायची. नाहीतर त्याचं सगळं आयुष्य त्या शेडमध्ये गंजून जाईल.

दुपारी सगळं सामसूम झालं की मी शेड उघडायचो. आधी माझीच सीट काढली. आता बाजूला कोण बसणार? वजन कमी झालेलं बरं. ती कोपऱ्यात उभी करून ठेवली. त्याची सीट पुढं ओढली, कारण माझे पाय आखूड.

मग नट आवळायला घेतले. लाल मात्र लावलं नाही. तपासणारा होताच कुठं?

दुसऱ्या दिवशी कुलूप काढलं आणि…

वास आला.

नेलपॉलिशचा. गोडसर, डोक्यात जाणारा.

मी इंजिनावर वाकलो. काल आवळलेल्या प्रत्येक नटावर लाल रेघ होती. बोट लावलं… बोटाला लाल चिकटलं.

ओलं होतं.

आणि सगळ्या रेघा डावीकडं कललेल्या.

मला राग आला. पहिल्यांदा भीती नाही, रागच आला. कोणीतरी मेलेल्या माणसाची चेष्टा करून राहिलंय. बाटली साक्षीकडं असणार, म्हणून तडक तिच्या घरी गेलो. ती दारातच तांदूळ निवडत होती.

"वहिनी, ती लाल बाटली कुठं हाये?"

तिचा हात थांबला.

"काहून, भाऊ?"

"सांगा तर."

"त्यांच्या खिशातच व्हती. तसाच शर्ट अंगावर घालून स्मशानात नेलं त्यांना. म्या काढली न्हाई… त्यांच्यासंगंच गेली."

उन्हातनं चालत परत आलो आणि पाठीला घाम नव्हता, एवढं आठवतं.

त्या दिवसापासून रोज तसंच. मी आज आवळायचो, उद्या लाल लागलेलं असायचं. कुलूप जसंच्या तसं. चावी माझ्याकडं.

गॅरेजचं एक कुत्रं होतं, ढाण्या. प्रमोदच्या हातचं खाणारं. तो गेल्यावर ते रोडच्या पलीकडं पडून असायचं. आता ते दुपारी बंद शेडच्या दारापुढं येऊन बसायला लागलं.

बसायचं आणि शेपूट हलवायचं.

एक दिवस पुढच्या डाव्या चाकाच्या आतला एक नट तसाच राहिला. बाकी सगळ्यांवर लाल, त्याच्यावर नाही. मी परत आवळला. दुसऱ्या दिवशी… नाही. परत आवळला. नाही.

"काय रे पम्या? आवळला की बराबर!" मी मोठ्यानं म्हणालो. रिकाम्या शेडमध्ये माझाच आवाज मला नकोसा झाला.

शेवटी तो नट-बोल्ट काढून उन्हात धरला. बोल्टला केसाएवढी चीर होती. आतून अर्धा तुटलेला. त्या स्पीडला तो गेला असता तर चाक गेलं असतं, आणि चाकामागं मी.

नवा बोल्ट टाकला. दुसऱ्या दिवशी त्यावर लाल होतं.

मी गाडीला टेकून लहान लेकरासारखा रडलो. त्यानंतर भीती गेली. मी त्याच्याशी बोलायलाच लागलो. आज काय केलं, उद्या काय करणार, याडी काय म्हणाली, सगळं. उत्तर यायचं नाही, पण लाल यायचं. मला तेवढं पुरायचं. याडीनं एकदा विचारलं, "पोरा, दुपारच्याला कोणासंगं बोलत असतो?" मी म्हणालो, रेडिओ.

शेडमध्ये रेडिओ नव्हता.

जून उजाडायच्या आत गाडी पुरी झाली. प्रत्येक नटावर लाल. मद्रासला जाणारा ट्रक ठरवला. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी चढवायची होती. त्या दुपारी मी गॅरेजच्या बाजेवर आडवा पडलो होतो. लाइट गेलेली. रोडवर एक गाडी नाही, झाडावर कावळा नाही.

आणि आवाज आला…

कर्र… कर्र… कर्र…

पान्याचा. बोल्ट आवळतानाचा आवाज मला झोपेत पण कळतो. शेडमधून येत होता.

मी उठलो. ढाण्या दारात उभा होता, शेपूट हलवत. कुलूप लावलेलं. मी चावी लावली तसा आवाज थांबला.

आत कोणी नव्हतं. आज नेलपॉलिशचा वास पण नव्हता. मी गाडीच्या चारी बाजूंनी फिरलो. सगळं ठीक. मग कोपऱ्यात नजर गेली.

माझी सीट तिथं नव्हती.

मी गाडीचं दार उघडलं.

सीट गाडीत होती. तिच्या जागेवर, ड्रायव्हरच्या बाजूला. चार बोल्टवर बसवलेली.

आणि ड्रायव्हरची सीट… शेवटच्या खाचेपर्यंत मागं.

मी एकेक बोल्ट हातानं तपासला. चारही घट्ट. असं आवळणं एकाच माणसाचं.

पण त्या चार बोल्टवर लाल नव्हतं.

मी कितीतरी वेळ बघत राहिलो, आणि मग कळलं. हे त्यानं आवळलं होतं.

म्हणजे लाल लावायचं काम माझं.

ट्रक परत पाठवला. मद्रासला मी गेलो नाही. शेडला दुसरं मोठं कुलूप लावलं. साक्षीला मात्र सांगितलं, तिच्यापासून लपवणं बरं वाटेना. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि पदरानं डोळे पुसले.

"मंग… लावलं का तुमी?"

"न्हाई."

"नका लावू, भाऊ. त्यांची लई आठवण येते. पण नका लावू."

त्याला आता बरीच वर्षं झाली. लोकांनी गाडी विकत मागितली, मी दिली नाही. महिन्यातून एकदा शेड उघडतो. चारही बोल्ट हातानं बघतो. अजून घट्ट आहेत, आणि त्याची सीट अजून मागंच आहे. मी पुढं ओढली नाही.

एक मन म्हणतं, इतकं जपणारा माणूस, ज्यानं मला त्या चिरलेल्या बोल्टपासून वाचवलं, तो माझं काय वाईट करणार? दुसरं मन विचारतं, मग मला बाजूला बसवून त्याला जायचंय तरी कुठं?

मागच्या आठवडी बाजारात बांगड्यांच्या दुकानातून मी लाल नेलपॉलिशची एक बाटली घेतली. काहून घेतली, विचारू नका. आत्ता हे सांगताना ती माझ्या शर्टाच्या खिशात आहे.

भीती मला त्याची वाटत नाही. दुपारी फार एकटं वाटतं. एखाद्या दुपारी माझाच हात खिशात जाईल, याची वाटते.